लहान मूल काही देऊ करतं तेव्हा

चार्ल्स डार्विनने आपल्या थोरल्या मुलाच्या, विल्यमच्या, बालपणाच्या बारीकसारीक नोंदी ठेवल्या होत्या. त्यांवरून त्याने लिहिलेला लेख १८७७ साली ‘माइंड’ या नियतकालिकात छापून आला. राग, भीती, हसणं, बोलणं अशा पुष्कळ गोष्टी त्यात आहेत आणि एक नोंद देण्याबद्दलची आहे. विल्यमला घरी डॉडी म्हणत. सव्वादोन वर्षांच्या या डॉडीने आपल्याजवळच्या जिंजरब्रेडचा शेवटचा तुकडा धाकट्या बहिणीला दिला आणि स्वतःवरच खूश होऊन तो ओरडला, “किती चांगला डॉडी, किती चांगला डॉडी!”

एवढ्याशा मुलाला काय कळतंय, असं आपण सहज म्हणून जातो. पण त्या एका कृतीत किती काही आहे बघा. तुकडा माझा आहे हे कळणं, तो तिलाही हवा असेल हे कळणं, दिला की आपल्याकडे उरणार नाही याची निदान पुसट जाणीव असणं, आणि एवढं सगळं असूनही हात पुढे करणं. या गोष्टी मुलाला एकदम येत नाहीत. एकेक करत, काही वर्षांत येतात. मुलाच्या देण्याला आपण चुकीचं उत्तर देतो ते क्वचितच वाईट हेतूने देतो. त्या वयातलं देणं नेमकं काय असतं याची कल्पना नसते, म्हणून आपलं चुकतं.

मला ठामपणे असं वाटतं, की द्यायची ओढ मुलात बाहेरून घालावी लागत नाही. ती दिसू लागते तेव्हा आपण तिच्याशी कसे वागतो, यावर पुढचं बरंच काही ठरतं. म्हणून आधी ती कधी आणि कशी दिसते ते पाहू.

देण्याची सुरुवात

पहिल्या वाढदिवसाच्या आसपास मुलं हातातली वस्तू समोरच्यापुढे धरू लागतात. आपण ती घ्यायची, ‘अरे वा’ म्हणायचं आणि परत द्यायची. मग ती पुन्हा आपल्याकडे येते. हा खेळ न कंटाळता चालतो. मानसशास्त्रज्ञ हॅरिएट राइनगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली दीड वर्षापर्यंतच्या मुलांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. ही मुलं आईवडिलांनाच नव्हे, तर पहिल्यांदाच भेटलेल्या माणसालाही वस्तू दाखवत होती, नेऊन देत होती. कोणी मागितलं नव्हतं, कोणी शिकवत नव्हतं.

या टप्प्यावरचं देणं म्हणजे कायमचं सोडून देणं नव्हे. ‘हे बघ, माझ्याकडे हे आहे, आपण दोघं मिळून बघू’ असा त्याचा अर्थ जास्त असतो. वर्षाच्या बाळाने हातातलं खेळणं आपल्याला दिलं, आपण ते बाजूला ठेवून दिलं आणि बाळ रडू लागलं, तर ‘दिलंस आणि आता रडतोस काय’ असं वाटतं. पण बाळाच्या हिशेबात वस्तू परत येणारच होती.

दीड वर्षाच्या सुमारास एक मोठा बदल होतो: समोरच्याची आवड आपल्यापेक्षा वेगळी असू शकते हे मुलाला उमगू लागतं. बेटी रेपाकोली आणि ॲलिसन गॉपनिक यांनी १९९७ साली हे फार छान दाखवलं. मुलांपुढे दोन वाट्या होत्या, एकीत कुरकुरीत बिस्किटं आणि दुसरीत कच्ची ब्रोकोली. मुलांना अर्थातच बिस्किटं आवडत होती. प्रयोग करणारी बाई मात्र ब्रोकोली खाताना आनंदी चेहरा करायची आणि बिस्किट खाताना तोंड वेडंवाकडं करायची. मग हात पुढे करून म्हणायची, मला थोडं दे. चौदा महिन्यांची मुलं तिला बिस्किटच देत होती, म्हणजे स्वतःला आवडणारी गोष्ट. अठरा महिन्यांच्या मुलांनी तिला ब्रोकोली दिली. चौदा महिन्यांच्या मुलांची दानत कमी होती असं मुळीच नाही. आपल्याला सर्वांत प्रिय ते त्यांनी दिलं होतं. चार महिन्यांनी मोठ्या मुलांना फक्त एवढं जास्त कळत होतं, की देताना घेणाऱ्याकडे पाहावं लागतं.

याच वयाच्या मुलांवरचा फेलिक्स वारनेकन आणि मायकल टोमासेलो यांचा २००६ सालचा प्रयोग खूप गाजला. अनोळखी माणसाच्या हातून काहीतरी खाली पडतं आणि त्याचा हात तिथवर पोचत नाही, किंवा दोन्ही हात भरलेले असल्यामुळे त्याला कपाटाचं दार उघडता येत नाही. अठरा महिन्यांच्या २४ मुलांपैकी २२ जणांनी निदान एकदा तरी आपणहून मदत केली.

वस्तू उचलून देणं सोपं आणि आपल्या मालकीचं सोडणं अवघड, हे खरं. पण तेही या वयात अजिबात नसतं असं नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली एकोणीस महिन्यांच्या मुलांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. मोठ्या माणसाच्या हातून फळाचा तुकडा मुलाच्या बाजूला पडायचा आणि तो माणूस तो घ्यायला धडपडायचा. निम्म्याहून जास्त मुलांनी फळ उचलून त्याला दिलं. माणसाने फळात काहीच रस दाखवला नाही तेव्हा देणारी मुलं फक्त ४ टक्के होती. मग संशोधकांनी मुलांना जेवणाच्या वेळेआधी, भूक लागलेली असताना बोलावलं. त्यांतल्या ३७ टक्क्यांनी ते फळ तरीही दिलं. समोरच्याने रस दाखवला नाही तेव्हा भुकेल्या मुलांपैकी एकानेही दिलं नाही. कोणाला गरज आहे आणि कोणाला नाही, हे पोटात भूक असताना मूल ओळखत होतं. मला हा आकडा वाचताना दर वेळी भरून येतं.

आणि देताना मुलांना बरंही वाटतं. लारा ॲकनिन, किली हॅम्लिन आणि एलिझाबेथ डन यांनी २०१२ साली दोन वर्षांच्या आतल्या मुलांचे चेहरे न्याहाळले. खाऊ मिळाला तेव्हापेक्षा एका बाहुल्याला खाऊ देताना मुलं जास्त खुललेली दिसली, आणि स्वतःच्या वाटीतला खाऊ देताना सर्वांत जास्त.

हे सगळं जन्मतःच येतं का? यावर संशोधकांचं एकमत नाही. काहींच्या मते ही ओढ मुळातच असते. काही जण दाखवून देतात, की घरातली मोठी माणसं मूल वर्षाचं होण्याआधीपासूनच ‘दे बरं मला’, ‘शाब्बास’ असं म्हणत असतात आणि सुरुवातीच्या महिन्यांत त्याचा उपयोगही होतो. पालकांच्या दृष्टीने दोन्ही बाजूंतून निघणारं उत्तर एकच: बीज आहे, आणि भोवतालचाही त्यावर परिणाम होतो.

तीन वर्षांचं ‘नाही देणार’

मग मूल तीन-चार वर्षांचं होतं आणि घरात चिंता सुरू होते. आधी सगळ्यांना घास भरवणारं मूल आता खेळणं छातीशी धरून उभं राहतं. ‘कुठून शिकलं हे?’

बिघाड झालेला नसतो. आता त्याला मालकी कळते, आणि दिलेलं परत येईलच असं नाही हेही कळतं. क्रेग स्मिथ, पीटर ब्लेक आणि पॉल हॅरिस यांनी २०१३ साली तीन ते आठ वर्षांच्या मुलांना स्टिकर देऊन विचारलं, की दुसऱ्या मुलाला किती द्यायला हवेत? अगदी लहान मुलांनीही सांगितलं, सारखे वाटायला हवेत. मग तू किती देशील? त्यावर ती प्रांजळपणे म्हणाली, आपण जास्त ठेवू, आणि तसंच केलं. सात-आठ वर्षांच्या मुलांनी मात्र बोलल्याप्रमाणे निम्मे निम्मे वाटले. म्हणजे चार वर्षांच्या मुलाला ‘वाटून घ्यावं’ हा नियम शंभराव्यांदा सांगून काही साधत नाही. नियम त्याला पाठ आहे. तो पाळण्याचं बळ यायला अजून काही वर्षं आहेत.

न्यायाची समजही अशीच टप्प्याटप्प्याने येते. २०१५ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या अभ्यासात कॅनडा, अमेरिका, मेक्सिको, पेरू, सेनेगल, युगांडा आणि भारत अशा सात देशांतली मुलं होती. आपल्याला कमी मिळालं तर ते नाकारणं सातही देशांत दिसलं. आपल्याला जास्त मिळतंय म्हणून नाकारणं फक्त तीन देशांतल्या मोठ्या मुलांत दिसलं: कॅनडा, अमेरिका आणि युगांडा. ‘माझ्यावर अन्याय झाला’ हे सगळीकडच्या मुलांना उमजतं, ‘माझ्यामुळे दुसऱ्यावर होतोय’ हे मात्र भोवतालच्या माणसांकडे बघून घडतं, असा याचा अर्थ बरेच संशोधक लावतात.

आपल्या हातात काय असतं

सर्वांत आधी, घेणं. मूल आपल्या ताटातला घास आपल्यापुढे धरतं आणि आपण फोनवर असतो, किंवा घास उष्टा असतो. ‘नको, तूच खा’ हे आपण प्रेमानेच म्हणतो. मुलाने खावं, त्याचं पोट भरावं, हा आपला विचार. पण मुलाने काहीतरी दिलं होतं आणि ते कोणी घेतलं नाही, ही त्याची बाजू. शक्य असेल तेव्हा घ्या आणि खरंच खा, लहानसा का होईना. उरलेलं परत दिलं तरी चालेल, दीड-दोन वर्षांच्या मुलाला तेच अपेक्षित असतं. खायचं खोटं नाटक बाळाला खेळ म्हणून आवडतं, पण तीन-चार वर्षांच्या मुलाला ते नाटक आहे हे कळतं. त्याने मनापासून दिलेलं असतं. अशा वेळी ‘मला आत्ता भूक नाहीये, पण तू मला विचारलंस ते फार आवडलं’ हे सरळ वाक्य जास्त बरं.

कामातल्या मदतीचंही तसंच. राइनगोल्ड यांनीच १९८२ साली दीड ते अडीच वर्षांच्या मुलांबद्दल लिहिलं, की मोठ्यांनी केर काढायला, पसारा आवरायला, कपड्यांच्या घड्या घालायला सुरुवात केली की मुलं न सांगता हातभार लावतात. घरी मात्र कित्येकदा आपण मूल झोपल्यावर ती कामं उरकतो, कारण त्याच्या मदतीने काम वाढतं. काम वाढतं हे खरंच आहे, आणि रोज तेवढा वेळ कोणाकडेच नसतो. पण दिवसातलं एक काम तरी असं ठेवावं, ज्यात त्याला ‘बाजूला हो’ ऐकावं लागणार नाही.

दुसरी गोष्ट बक्षिसाची. ‘ताईला दिलंस तर तुला चॉकलेट.’ वारनेकन आणि टोमासेलो यांनी २००८ साली वीस महिन्यांच्या मुलांचे तीन गट केले. मदत केली की एका गटाला खेळायला एक ठोकळा मिळायचा, दुसऱ्याला नुसती शाबासकी, तिसऱ्याला काहीच नाही. नंतर बक्षीस बंद केलं. आधी ठोकळा मिळालेली मुलं आता इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. समोरच्याची अडचण हे मदतीचं कारण होतं, त्या जागी ठोकळा येऊन बसला. ठोकळा गेला आणि कारणही गेलं.

शाबासकी मिळालेल्या मुलांची मदत कमी झाली नाही. म्हणजे कौतुकाला घाबरायचं कारण नाही. पण माझ्या मते कौतुक कशाचं करतो याकडे लक्ष हवं. ‘कित्ती गुणी माझं बाळ’ म्हणत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या की मूल टाळ्यांकडे बघतं. त्यापेक्षा ज्याला दिलं त्याच्याकडे त्याची नजर वळवावी. ‘बघ, तो रडायचा थांबला.’ ‘तुझ्याकडचा रंग मिळाला म्हणून तिचं चित्र पूर्ण झालं.’ याला आधारही आहे. रॉबर्ट हेपाख आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दोन वर्षांच्या मुलांच्या डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार मोजला. कोणी अडचणीत दिसलं की त्या विस्फारायच्या. मुलाने स्वतः मदत केली की त्या पूर्ववत होत, आणि दुसऱ्या कोणी केली तरी तितक्याच. मुलाला श्रेय नको होतं, त्या माणसाची अडचण सुटायला हवी होती. मग सुटली हे त्याला सांगणं, याहून मोठं बक्षीस कोणतं द्यायचं?

तिसरी, आणि सगळ्या घरांत होणारी गोष्ट म्हणजे सक्ती. पाहुणे आलेत, त्यांच्या मुलाला आपल्या मुलाचं लाडकं खेळणं हवंय, आणि चार डोळे आपल्याकडे लागलेत. आपण खेळणं काढून देतो. त्या क्षणी दिलं कोणी? आपण. मुलाकडून फक्त घेतलं गेलं. नादिया चेर्न्याक आणि तमार कुशनिर यांनी २०१३ साली तीन-चार वर्षांच्या मुलांना एक उदास बाहुला दाखवला. काही मुलांना स्टिकर त्याला द्यायचा की स्वतःकडे ठेवायचा हे ठरवू दिलं. काहींना तो द्यायलाच लावला. नंतर दुसरा उदास बाहुला आला आणि मुलांकडे तीन स्टिकर होते. आधी स्वतः ठरवून दिलेल्या मुलांनी या वेळी जास्त दिले. ‘ठेवता आलं असतं, तरी मी दिलं’ या अनुभवातून मूल स्वतःबद्दल काहीतरी शिकतं. सक्तीतून ते शिकता येत नाही.

त्यामुळे पाहुणे येण्याआधीच विचारावं, ‘यातलं काय द्यायचं नाहीये तुला? ते आत ठेवून देऊ.’ दोन-तीन लाडक्या वस्तू सुरक्षित झाल्या की बाकीच्या देताना मुलाचा हात सैल होतो. आधी ‘माझं’ पक्कं झालं तरच ‘घे, तुला’ला अर्थ येतो. भावंडांमध्येही प्रत्येक वस्तू दोघांची असा नियम करू नये. धाकटं रडतंय म्हणून थोरल्याने नेहमी सोडायचं, हा तर उघड अन्याय आहे.

जास्तच दिलं तर

याबद्दल फारसं बोललं जात नाही, आणि खरी कसोटी इथेच असते. न देणाऱ्या मुलाला आपण ‘दे’ म्हणतो. एके दिवशी मूल नवीकोरी सायकल मित्राला देऊन येतं, किंवा साठवलेले सगळे पैसे कोणाच्या तरी हातावर ठेवतं, आणि आपला चेहरा उतरतो. कालपर्यंत ‘वाटून घे’ म्हणणारे आपण आता ‘असं कसं देऊन टाकलंस?’ म्हणतो. मुलाला यातून एकच कळतं: द्यावं, पण स्वस्तातलं.

आधी चौकशी करावी, आणि ती रागाने नाही. का दिलं? त्याच्याकडे नव्हती म्हणून? तो रडत होता म्हणून? की ‘दिली नाहीस तर तुला खेळायला घेणार नाही’ असं कोणी म्हणालं होतं? पहिल्या दोन उत्तरांत उदारपणा आहे. तिसऱ्यात भीती आहे, आणि तिथे मुलाला आपल्या आधाराची गरज आहे. काही मुलं सोबत टिकवण्यासाठी देत राहतात. बाहेरून ती फार दिलदार दिसतात. देऊन आल्यावर मूल खुललेलं असतं की तुमचा चेहरा वाचत असतं, यावरून पुष्कळदा अंदाज येतो. अशा मुलाला ‘नाही’ म्हणायला शिकवणं आधी, बाकी सगळं नंतर.

वस्तू खरोखर त्याची असेल आणि त्याने मनापासून दिली असेल, तर शक्यतो परत मागू नये, आपला जीव कितीही तुटला तरी. दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःलाच ती हवीशी वाटली, तर ‘हो, आठवण येणारच, आवडती होती ना’ एवढं म्हणून जवळ घ्यावं. लगेच नवी आणून दिली तर देण्याची किंमत त्याला कधी कळणारच नाही. वस्तू घरातली असेल, आईचा दागिना किंवा बाबांचा फोन, तर ती परत आणावीच लागते. मग मोठ्याने स्वतः जावं, मुलाला पुढे करून त्याला माफी मागायला लावू नये. घरी त्याला सांगावं, ‘तुला तिला काहीतरी छान द्यायचं होतं, ते बरोबर होतं. पण ही वस्तू तुझी एकट्याची नाही, म्हणून आधी विचारायचं. आता तुझ्या वस्तूंतलं काय देता येईल ते बघू.’ हेतूला हो, वस्तूला नाही. चार वर्षांच्या मुलाला हा फरक कळतो.

बोलणं आणि वागणं

सीलिया ब्राउनेल आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली आईवडील दीड-दोन वर्षांच्या मुलांना चित्रांची पुस्तकं वाचून दाखवताना काय बोलतात ते ऐकलं. जी मुलं लवकर आणि जास्त मदत करत होती, वाटून घेत होती, त्यांचे आईवडील भावनांबद्दल नुसतं सांगत नव्हते, तर विचारत होते. ‘हा मुलगा दुःखी आहे’ इथे न थांबता ‘याला काय झालंय गं? का रडत असेल?’ असं. मुलाचं उत्तर चुकलं तरी हरकत नाही. ज्या मुलाला अजून बोलता येत नाही त्यालाही विचारावं आणि क्षणभर थांबावं.

आणि आपण स्वतः काय करतो, हे मुलं टक लावून बघत असतात. जेम्स ब्रायन आणि नॅन्सी वॉलबेक यांनी १९७० सालीच दाखवलं होतं, की खेळात जिंकलेल्यातलं काही दान करायची वेळ आली तेव्हा मुलांनी मोठ्यांचं वागणं उचललं. मोठा माणूस दानाचं महत्त्व सांगून स्वतः काही देत नसेल, तर त्या सांगण्याचा मुलांच्या देण्यावर फरक पडला नाही.

कधी मूल मोठ्या उत्साहाने काही द्यायला जातं आणि समोरचं मूल ते घेत नाही, ढकलून देतं. मूल हिरमुसतं आणि आपल्याला त्या दुसऱ्या मुलाचा राग येतो. ‘जाऊ दे, त्याला नको तर नको, तूच ठेव’ असं म्हणून विषय संपवायचा मोह होतो. पण इथे मुलाला काहीतरी नवं कळण्याची संधी असते. ‘तुला द्यायचं होतं, त्याला ते नको होतं. त्याला काय हवंय, विचारायचं का?’ बऱ्याचदा मूल विचारायला जातं. त्याला दुसरंच काहीतरी हवं असतं, किंवा काहीच नको असतं, नुसतं शेजारी बसायला कोणीतरी हवं असतं, आणि मग दोघं खेळायला लागतात.